जोडी फोडत नाही

माझं एक व्याख्यान वर्षानुवर्षं ठरलेलं होतं : 'जपानमधले आपले देव'. जपानी शिकवणं आणि दुभाष्याचं काम करणं यावर माझं पोट चालतं. पण वाचनालयाचा वर्धापनदिन, ज्येष्ठ नागरिक संघ, एखादं कॉलेज यांच्याकडून बोलावणं यायचं ते या व्याख्यानाचं. पडद्यावर सरस्वती बेन्झाईतेन होऊन हातात बिवा हे तंतुवाद्य घेऊन बसलेली दिसे. वैश्रवण कुबेर बिशामोनतेन होऊन चिलखत घालून उभा असे. लक्ष्मीची किचिजोतेन झालेली. प्रत्येक चित्राला सभागृहातून समाधानाचा एक हुंकार यायचा. मी त्या हुंकारासाठी बोलायचो, हे आता लिहून टाकायला हरकत नाही.

व्याख्यानात विनोदाचीही एक जागा होती. तिथे मी दाईकोकूच्या एका जुन्या मातीच्या मूर्तीचं चित्र लावायचो. ठेंगणा, गुबगुबीत, पेंढ्यात बांधलेल्या तांदळाच्या दोन गोण्यांवर उभा, खांद्यावर पोतडी, हातात लाकडी हातोडा आणि कानापर्यंत पसरलेलं हसू. "ओळखा पाहू हा कोण?" कुणालाच ओळखता यायचं नाही. मग मी म्हणायचो, "हा महाकाळ. इथून निघाला तेव्हा कवट्यांची माळ होती गळ्यात. तिथे पोचेपर्यंत वाणी झाला." हशा. टाळ्या. पुढचं चित्र.

त्या हशात माझी सगळी समजूत साठवलेली होती. जे थोर आहे ते इथून गेलं आणि तिथे जाऊन पातळ झालं. क्योतोच्या तोजी देवळाच्या सभामंडपातला हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांवर बसलेला ब्रह्मदेव, म्हणजे कूकाई या भिक्षूने योजलेल्या 21 मूर्तींच्या मांडणीतले ते दोघे, 839 सालचे, हे खरे. दुकानाच्या गल्ल्याशेजारी आणि स्वयंपाकघराच्या फळीवर हसत बसलेले मातीचे देव म्हणजे त्या थोरपणाची उतरती कळा. अंगभर दागिने रंगवलेला, कुतानी चिनीमातीचा होतेई दिसला, की मला आपल्याकडच्या भेटवस्तूंच्या दुकानातला 'लाफिंग बुद्धा' आठवायचा आणि मी तोंड फिरवायचो. तो बुद्ध नव्हे, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये वारलेला पोतडीवाला भटका भिक्षू आहे, लोकांनी त्याला पुढे मैत्रेयाचा अवतार मानलं, हे मी कितीतरी घरांत, चहाचा कप हातात असताना, यजमानाने न विचारता सांगितलेलं आहे. यजमान काय समजायचे ते समजत असतील.

या तुच्छतेला जपानमध्येही आधार मिळायचा, त्यामुळे ती सुसंस्कृत वाटायची. ओकायामा प्रांतातल्या इम्बे गावी बिझेनची भांडी भाजतात. झिलई नाही, लाल पाइनच्या लाकडावर दिवसचे दिवस पेटती ठेवलेली भट्टी, राख उडून पडेल तोच रंग. एदो काळात तिथे भांड्यांबरोबर बारीक कोरणीच्या मूर्तीही पुष्कळ झाल्या : एबिसू, दाईकोकू, होतेई, सिंह. ओकायामाच्या इकेदा सरदारांचा या कामाला आश्रय होता. याच घराण्याने 1700 साली पूर्ण केलेलं कोराकुएन हे उद्यान डोळ्यांपुढे ठेवून पुण्यात सिंहगड रस्त्यावरची बाग केली गेली, म्हणजे आपण पुणेकर रविवारी त्याच आश्रयाच्या सावलीत फिरायला जातो. पण कलेच्या पुस्तकांत बिझेन म्हणजे चहाचे वाडगे आणि फुलदाण्या. कानेशिगे तोयो हा 1956 मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरलेला कुंभार तरुणपणी मूर्तिकामात निष्णात होता. पुढे तो मोमोयामा काळातल्या चहाच्या भांड्यांकडे वळला आणि कीर्ती झाली ती त्या वळण्यामुळे. मी हा दाखला फार आवडीने द्यायचो. बघा, खुद्द कारागीरही बाहुल्या सोडून वर चढला.

तेव्हा मी दाईकोकूची एक जुनी मूर्ती विकत घेतली ती कौतुकाने नव्हे. व्याख्यानात हातात धरून दाखवायला एक वस्तू हवी होती.

दर महिन्याच्या 21 तारखेला तोजीच्या आवारात बाजार भरतो. कूकाईचं निर्वाण 21 तारखेचं, म्हणून हा दिवस. लोक बाजारालाच कूकाईच्या दुसऱ्या नावाने 'कोबो-सान' म्हणतात, जसं काही त्यांच्याकडेच निघालेत. मी आधी आत जाऊन इंद्राला हात जोडले आणि मग बाहेर सतरंज्यांवर मांडलेल्या जुन्या मालातून फिरू लागलो. एका विक्रेत्याकडे फुशिमीच्या मातीच्या बाहुल्या होत्या. क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी इनारी देवळाच्या वाटेवर शेकडो वर्षं विकल्या जाणाऱ्या या बाहुल्या : पुढचा आणि मागचा असे दोन साचे, माती दाबून जोडायची, आत पोकळ, मंद आचेवर भाजायची, वर शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा हात आणि सरसात कालवलेले रंग. या सतरंजीवर वीतभर उंचीचा दाईकोकू होता, इतका काजळलेला की तोंडावरचं हसू हाताला आधी लागलं, डोळ्यांना नंतर.

मी विचारलं, "हे धुतलं तर निघेल का?"

विक्रेत्याने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, धुतलात तर रंगही जाईल, सरसाचा आहे. आणि काजळी गेली तर मग यात काय उरलं? चुलीच्या वर होता हा.

मला ते विक्रेत्याचं कौशल्य वाटलं. काजळी मुद्दामही चढवता येते, आणि अशा बाजारात जुनी दिसणारी प्रत्येक वस्तू एदो काळातली असते. माझी मूर्ती किती जुनी आहे हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. घासाघीस झाली, किंमत ठरली, आणि त्याने दाईकोकूशेजारचा एबिसूही उचलून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. मी म्हटलं, मला हा एकच हवाय. तो म्हणाला, जोडी फोडत नाही. मी म्हटलं, याच्या हातातली गळाची काठीही हरवलीय, नुसतं भोक आहे. त्याने काठीचे पैसे कमी केले. जोडी फोडली नाही.

पुण्यात आल्यावर दाईकोकू अभ्यासाच्या खोलीत पुस्तकांपुढे बसला. एबिसूला मी कपाटात खालच्या खणात, क्योतोच्या त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेला ठेवून दिला. माझ्या व्याख्यानात त्याला जागा नव्हती. जपानी लोक मानतात त्या सात भाग्यदेवतांपैकी तीन भारतातून गेलेल्या, तीन चीनच्या, आणि हा एकटा जपानचा. त्याच्या चित्राला हुंकार आला नसता.

यानंतर जे घडलं ते वाचताना घडलं. मला व्याख्यानात एक जुना, भक्कम आधार हवा होता : महाकाळ भारतात किती उग्र होता आणि जपानने त्याचं काय केलं याचा. त्यासाठी मी इत्सिंग उघडला. सातव्या शतकातला हा चिनी भिक्षू 673 मध्ये ताम्रलिप्तीला उतरला, नालंदाला दहाएक वर्षं शिकला, आणि भारतातल्या विहारांत रोज काय चालतं ते बारकाईने लिहून ठेवलं. दात कसे घासतात, जेवायला कसे बसतात, उष्टं कुठे टाकतात. जुंजिरो ताकाकुसू या मॅक्समुल्लरच्या जपानी शिष्याने 1896 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. माझ्याकडे तो बऱ्याच दिवसांपासून होता. मी त्यातून अवतरणं उचलायचो. पुस्तक सलग वाचलेलं नव्हतं.

जेवणाच्या प्रकरणात महाकाळ भेटला. इत्सिंग सांगतो की भारतातल्या मोठ्या विहारांत मुदपाकखान्याच्या खांबाशी किंवा कोठाराच्या दारापाशी एक लाकडी देव असतो. दोन-तीन फूट उंच. हातात सोन्याची थैली. छोट्या आसनावर बसलेला, एक पाय खाली सोडलेला. त्याला सतत तेल पुसतात, म्हणून तोंड काळं पडलेलं असतं. हाच महाकाळ. जेवणाच्या वेळी स्वयंपाकी त्याला धूप लावतात आणि त्याच्यापुढे अन्न मांडतात.

कवट्या नाहीत. श्मशान नाही. कोठार, तेल, थैली.

मी ते पान पुन्हा वाचलं. खाली त्याने कुशीनगरकडच्या एका विहारातली ऐकलेली गोष्ट दिली आहे. शंभरावर भिक्षूंची पंगत असायची; एकदा ऐन जेवणाच्या वेळी पाचशे पाहुणे दारात उभे. नवीन रांधायला वेळ नाही. कारभारी घाबरला. तिथल्या एका सेवकाची म्हातारी आई म्हणाली, घाबरू नका, हे नेहमीचंच आहे. तिने धूप लावला, काळ्या देवापुढे अन्न ठेवलं, आलेल्यांची अब्रू राख म्हणून विनवलं, आणि पंगत बसवली. अन्न सगळ्यांना पुरलं. मंडळी देवाचा जयजयकार करत उठली.

मी मान वर केली तर समोर तोच बसलेला. काजळलेला, पोतडीवाला, हसरा. मी ज्याला धुऊन मागितलं होतं.

तो क्षण मी नंतर पुष्कळदा सांगितला आणि सांगताना त्याला साक्षात्काराचा रंग दिला. खरं म्हणजे तेव्हा मला नुसती लाज वाटली, आणि तीही विद्वत्तेची लाज : इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो. जपानने महाकाळाचा वाणी केला नव्हता. निदान एक महाकाळ इथेच, आपल्याच विहारांत, कोठारात बसून होता. परंपरा सांगते की साईचो या भिक्षूने हिएई पर्वतावरच्या एन्र्याकूजी विहारात दाईकोकूला भिक्षूंच्या अन्नाचा राखणदार म्हणून बसवलं. साईचो 822 मध्ये वारला. म्हणजे साईचोच्या काळातल्या मंडळींनी हा देव नेला तेव्हा त्याची जागाही सोबत नेली. विहाराच्या मुदपाकखान्यातून तो लोकांच्या चुलीपाशी गेला आणि तिथे धुराने काळा होत राहिला. आपल्याकडे विहार गेले, कोठार गेलं, आणि महाकाळ म्हटलं की आपल्याला एकटं उज्जैन आठवतं.

त्याच प्रकरणात, महाकाळाच्या अगदी शेजारी, इत्सिंगने हारीतीही लिहिली आहे. विहाराच्या ओसरीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात तिचं चित्र असतं, मांडीवर मूल, आणि तिला रोज भरपूर नैवेद्य. मी अजिंठ्याला कितीतरी लोकांना घेऊन गेलो आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आत उजवीकडे एका छोट्या खोलीत हारीती आणि तिचा नवरा पांचिक बसलेले आहेत. तो सुटलेल्या पोटाचा धनदेव, ती मूल घेऊन, आणि खाली पोरांची रांग : काही शिकताहेत, काही एडक्यांशी खेळताहेत. मी दर वेळी पाहुण्यांना त्या लेण्याचं छत दाखवायचो. ती खोली 'हे यक्ष' म्हणून अर्ध्या वाक्यात उरकायचो. ढेरपोट्या, खात्यापित्या घरचा, पोराबाळांत बसलेला देव मला अजिंठ्यातही नको होता. याला जपानबद्दलचा गैरसमज म्हणायची सोय उरली नाही. मला स्वयंपाकघरातला देव हलका वाटत होता, देश कुठलाही असो. आमच्या घरी आजीने माहेरून आणलेली पितळी अन्नपूर्णा तांदळात बसवलेली असे, घासून घासून नाकडोळे गेलेली. तिला मी कधी उतरती कळा म्हटलं नसतं. परक्याच्या अन्नपूर्णेला म्हटलं.

इथे हे मनोगत संपायला हवं होतं. मी तसं करूनही पाहिलं. व्याख्यान बदललं, विनोद काढला, इत्सिंगचं पान घातलं. आणि टाळ्या वाढल्या! कारण आता गोष्ट आणखी गोड झाली होती : बघा, आपणच विसरलो आणि जपान्यांनी आपला ठेवा जसाच्या तसा जपला. माझा अहंकार दोन दिवस पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी नवे कपडे घालून सभेला आला.

पुढची चीर एका पाहुण्याने पाडली. ओसाकाचे एक इंजिनिअर कामासाठी पुण्यात होते, त्यांच्यासाठी मी दुभाष्याचं काम करत होतो. एका संध्याकाळी ते घरी जेवायला आले. पुस्तकांपुढचा दाईकोकू पाहून आनंदले, आणि फळीच्या डावी-उजवीकडे नजर फिरवत अगदी साधेपणाने म्हणाले, "एबिसू-सान कुठायत?"

मी काहीतरी म्हणालो. साफ करायला काढलेत, असं काहीतरी. मग त्यांच्यादेखत कपाट उघडून खालच्या खणातून पुडकं काढावं लागलं. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उलगडलं, काठीच्या भोकात बोटाचं टोक घालून पाहिलं आणि हसले. एबिसूच्या काखेतला ताई मासा शेपटीकडे टवका उडालेला होता.

मग ते बोलत बसले. ओसाकाच्या इमामिया एबिसूच्या देवळात दहा जानेवारीच्या आगेमागे लोटणारी गर्दी, बांबूच्या फांदीला बांधलेले शकुनाचे दागिने, आणि देव जरा बहिरा असल्यामुळे पुढून मागणं मागून झालं की देवळाच्या मागे जाऊन पुन्हा ठोकून सांगायचं. त्यांची आई दुकान चालवायची. ती मागच्या बाजूला जास्त वेळ उभी राहायची. दहाव्या चांद्रमासात देशातले सगळे देव इझुमोच्या देवळात जमतात तेव्हा हा जात नाही, घर राखतो. बोलावणं त्याला ऐकूच गेलेलं नसतं, असंही म्हणतात.

ते गेल्यावर मी एबिसूबद्दल जे मिळेल ते वाचलं, आणि ज्याला मी 'फक्त जपानी' म्हणून खणात टाकला होता तोच सगळ्यांत परका निघाला. 712 च्या 'कोजिकी' या ग्रंथात इझानागी आणि इझानामी या आद्य जोडप्याला जळवेसारखं मूल होतं, हिरुको. ते त्याला बोरूच्या नावेत घालून समुद्रात सोडून देतात. पुढे लोकांनी ठरवलं की ते मूल कुठेतरी किनाऱ्याला लागलं आणि एबिसू झालं. कोळी तर समुद्रातून वाहून आलेल्या कशालाही एबिसू म्हणायचे : किनाऱ्याला लागलेला देवमासा, वेगळ्या आकाराचा दगड, बुडालेल्या माणसाचं प्रेतसुद्धा. ते नावेत घ्यायचं, नीट किनाऱ्याला आणायचं. लाटेने आणून टाकलेल्या अनोळखी गोष्टीला दार उघडायचं, ही त्याची पूजा.

हे कळल्यावर दाईकोकूही माझ्या हातून निसटला. त्याची पोतडी बघा. इत्सिंगच्या महाकाळाकडे सोन्याची थैली होती, ठीक. पण इझुमोचा देव ओकुनिनुशी, 'कोजिकी'तल्या कथेत भावांचं सामान पोतडीत भरून मागून चालणारा, हाही दाईकोकूत मिसळला आहे; दोघांची नावं चिनी अक्षरांत सारखी वाचता येतात एवढ्या निमित्तावर. गवताला आग लावून त्याला मारायला बघितलं तेव्हा एका उंदराने त्याला बिळाची वाट दाखवली. तोच उंदीर आज दाईकोकूच्या पायाशी असतो. तेव्हा माझ्या फळीवरच्या मूर्तीच्या खांद्यावरची पोतडी कुणाची? आपल्या भिक्षूंच्या कोठारातली, की थोरल्या भावांचं ओझं वाहणाऱ्या धाकट्याची? फुशिमीच्या साच्यातून काढणाऱ्याला हा प्रश्न पडला नसणार. दोन जानेवारीच्या रात्री चांगलं स्वप्न पडावं म्हणून उशीखाली चित्र ठेवतात त्या नावेत हे सगळे सातजण दाटीवाटीने बसलेले असतात, आणि कुणी कुणाकडे गाव विचारत नाही. (गणपती का नाही, हा प्रश्न पुण्यात विचारलाच जातो. आहे, जपानमध्ये गणपतीही आहे. पण बहुतेक देवळांत बंद दाराआड, आणि असाकुसाच्या एका देवळात त्याला मोदकांऐवजी मुळे वाहतात. या नावेत नाही.)

त्या सतरंजीवर होतेईची एक रांगही होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, पाठीवर 'अग्नी'चं अक्षर. मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. आता त्यामागची रीत वाचली : क्योतोतल्या घरांत दर वर्षी फेब्रुवारीत, इनारीच्या सणाच्या दिवशी, आधीच्यापेक्षा थोडा मोठा एक होतेई आणायचा आणि चुलीच्या वर ठेवायचा. सात पूर्ण करायचे. मध्येच घरात कुणी गेलं, तर जमलेले सगळे विसर्जित करून पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे सातांची पुरी रांग दिसली तर समजावं, त्या चुलीने सलग इतकी वर्षं घरातलं माणूस गेलेलं पाहिलं नाही. भेटवस्तूंच्या दुकानातल्या मूर्तीवर घरोघर व्याख्यान झोडणाऱ्या मला ही एक गोष्ट ठाऊक नव्हती.

अभिमान पूर्ण गेलेला नाही. इत्सिंगचं ते पान वाचून दाखवताना आवाज चढतो, माझं मलाच ऐकू येतं. व्याख्यानाचं नावही मी बदललेलं नाही, कारण त्या नावानेच बोलावणी येतात. मात्र आता जोडी बरोबर नेतो आणि दोघांना श्रोत्यांत फिरवतो. काजळी बोटांना लागत नाही, तरी लोक बोटं रुमालाला पुसतात. दाईकोकू हातोहात पुढे जातो. एबिसूपाशी कुणीतरी थांबतं आणि विचारतं की हा कोण, आणि याच्या हातात हे भोक कसलं. मग मी हिरुकोपासून सुरुवात करतो, समुद्र, प्रेतं, बहिरेपण, देवळाची मागची भिंत, आणि घड्याळाकडे लक्ष राहत नाही. सरस्वतीची चित्रं तशीच राहून जातात. गेल्या खेपेला आभार मानायला उभ्या राहिलेल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, की सरांनी पुढच्या वर्षी जरूर यावं, पण जरा आपल्या देवांबद्दल बोलावं.